वारसा हवाय ना, मग पहाटे चारला उठा

सकाळी चहाचा कप हातात घेऊन फोन उघडला आणि चहा गार झाला. आमच्या लालबागच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय. कोपऱ्यावरच्या इराण्याचं शटर खाली, वर पाटी उतरवल्याची फिकट चौकोनी खूण. खाली दीडशेच्या वर कमेंट. "एका युगाचा अंत" वगैरे ठीक आहे, मीही रडका इमोजी टाकणारच होते. पण वाचत गेले आणि डोकं फिरलं. "बापाने घाम गाळून उभं केलं, पोरं कॅनडात जाऊन बसली." "आजकालच्या मुलांना वारशाची किंमत नाही." एकाने तर लिहिलंय, "अशी मुलं असण्यापेक्षा नसलेली बरी."

हे शेवटचे गृहस्थ त्या इराण्याकडे शेवटचे कधी गेले होते? मला माहीत आहे, कारण त्यांचं बिऱ्हाड डोंबिवलीला हललं तेव्हा टेम्पोत सामान चढवायला माझा भाऊ होता. १९९५ साल. तीस वर्षांत एक बन मस्का खाल्ला नाही आणि आता दुसऱ्याच्या पोरांना वांझोटे शाप!

आणि "आजकालची मुलं" कोण हो? त्या हॉटेलच्या मालकाचा, सेठचा मुलगा साठीला टेकलाय. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं.

सेठ त्याला "डिकरा" म्हणजे पोरा म्हणायचा, म्हणून आख्खी चाळ त्याला डिकराच म्हणायची. माझ्याहून एका वर्षाने मोठा. १९८१ चा पावसाळा. आईच्या खानावळीत रातपाळीचे मेंबर सुटून आले होते, आमचं दूध नासलं होतं, म्हणून मला किटली देऊन इराण्याकडे पिटाळलं होतं. धो धो पाऊस, हॉटेल तुडुंब. बाहेरवाला पोऱ्या आलाच नव्हता. डिकरा नेहमीसारखा गल्ल्यामागच्या टेबलावर गणितं सोडवत बसलेला. कंटाळला असणार. उठला, आणि वेटर लोक नेतात तशा एका हातात तीन कपबश्या घेऊन निघाला. थेंब सांडला नाही! टेबलावर ठेवल्या, गिऱ्हाईक खूश, पाठीवर थाप मारली, डिकरा असा रुबाबात वळला आणि सेठ गल्ल्यावरून खाली उतरला. त्या माणसाला मी त्याआधी कधी उभा पाहिलाच नव्हता. सगळ्यांसमोर फाडकन एक ठेवून दिली. "हे तुजं नाय!" एवढंच ओरडला. मग दंडाला धरून पुन्हा पुस्तकासमोर नेऊन बसवला. चमच्यांचा आवाजसुद्धा थांबला हॉटेलात. मी किटली घेऊन तशीच उभी.

हे तुझं नाही. कपबशी उचलणं तुझं काम नाही. चव्वेचाळीस वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात आहे, आणि आज त्या कमेंट वाचताना तेच आठवत होतं. वारसा वारसा काय करताय? ज्याचं दुकान होतं त्यानेच पोराला त्यापासून हाकललं होतं. तेही थोबाडीत मारून.

घरी जाऊन आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती, मान वर न करता म्हणाली, "बरां केल्यान. झील काय कप उचलूक जल्माक घातल्यान?"

आता ज्यांना इराण्याचं फक्त बन मस्का आणि पानी कम चहा एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते. ही माणसं हौसेने हॉटेलवाली झाली नव्हती. इराणातल्या यझद, केरमानकडची. तिकडे दुष्काळ, त्यात झरथुष्ट्री म्हणून छळ; १८८२ पर्यंत जिझिया, म्हणजे मुसलमान नसल्याचा कर, भरत होती ही माणसं. इकडे आली, कुणी पारशांच्या घरी काम केलं, कुणी चहा विकला. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ म्हणून घेत नसत असं म्हणतात, ती यांना मिळाली. एकट्याला झेपत नसे म्हणून तिघा-चौघांची भागीदारी, पाळीपाळीने गल्ल्यावर बसायचं. आमच्या गिरणगावात पहिल्या पाळीआधी चहा तयार लागायचा, म्हणजे भट्टी पहाटे चारला पेटायची. रात्री अकराला शटर. रविवार नाही, दिवाळी नाही.

सेठचा बाप यझदजवळच्या एका खेड्यातला. त्यांची डाळिंबाची बाग होती. सेठ हे डाळिंबाचं कितीदा सांगायचा! आमच्या फळवाल्याकडची डाळिंबं बघून नाक मुरडायचा, "ए डाळिंब नाय, ए कांदा हाय." म्हणजे बघा, पिढ्यान्‌पिढ्या डाळिंब लावणाऱ्या घरातला एक मुलगा बाग सोडून बोटीत बसला आणि परक्या मुलखात चहा विकू लागला. तेव्हा यझदच्या चावडीवर कुणी म्हणालं असेल का, "पोरांना वारशाची किंमत नाही, मुंबईला पळाली"? म्हणालंच असणार! तिथेही कुणीतरी डोंबिवलीवाला असणारच. (सॉरी डोंबिवलीकर, तुमच्यावर राग नाही, माझी नणंद तिथलीच.)

सेठच्या बापाने बाग सोडली ते चाललं. डिकराने गल्ला सोडला तर तो कृतघ्न. का? तर मधल्या काळात तिथे तुम्ही चहा प्यायलात म्हणून.

आणि एक विचारते. त्या हॉटेलात सात-आठ वेटर होते. त्यांचीही पोरं शिकली असतील, कुणी एसटीत लागलं असेल, कुणी शिक्षक झालं असेल. "वेटरच्या मुलाने ट्रे का नाही उचलला" म्हणून कुणी हळहळलं? माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत किती पोरं दिवसा टेबल पुसून रात्रशाळेत जात होती. त्यातला एखादा वकील झाला की आपण टाळ्या वाजवतो. मालकाचा पोरगा इंजिनिअर झाला की मात्र आपल्या नाश्त्याचं नुकसान होतं.

हो, मान्य, काही मुलं थांबली. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ पासून एकाच कुटुंबाकडे आहे, बोमन कोहिनूर २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी गेले, तोवर टेबलाटेबलाशी जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायचे. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, अजून चालू आहे. थांबले त्यांना माझा नमस्कार. पण थांबले ते त्यांच्या मर्जीने, आपल्या आठवणींना जागा हवी म्हणून नव्हे.

२०१४ मध्ये ग्रँट रोडचं मेरवान बंद होणार म्हणून बातमी आली तेव्हाची गर्दी आठवते? मावा केकसाठी रांगा. मीसुद्धा गेले होते, खोटं कशाला बोलू. दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं. त्यानंतर मी किती वेळा गेले? एकदाही नाही.

तेव्हा हा राग मला स्वतःवरही काढायला हवा, पण आधी त्या कमेंटवाल्यांवर काढू दे.

कारण मला हे वैयक्तिक लागतं. आमची खानावळ. आई-बाबा कुडाळकडचे. बाबा गिरणीत, आई दहा बाय बाराच्या खोलीत चोवीस मेंबरांचं जेवण रांधायची. दोन स्टोव्ह, एक शेगडी, रॉकेलसाठी रेशनची लाइन. महिन्याचे पैसे, न जेवलेल्या दिवसांचा खाडा, वहीत बोटाएवढ्या पेन्सिलने हिशेब. सुरुवातीला किराणा सावकाराच्या पैशांवर. मग १९७५ मध्ये प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. आईने पहिल्यांदा बँकेची पायरी चढली तेव्हा मी बरोबर होते. काउंटरमागे साडी नेसलेली, चष्मा लावलेली एक बाई बसली होती. आई खुर्चीत टेकायला तयार नव्हती. बाहेर आल्यावर म्हणाली, "ती बाई बघलंस?" बस, एवढंच. माझं करिअर कौन्सेलिंग संपलं.

त्यानंतर मला चुलीपाशी यायची बंदी. "हयसर येव नको, पुस्तक घेवन बस." भाकरी शिकव म्हटलं तर हात झटकायची. वहिनी आली तिला शिकवलं, मला नाही. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. मेंबर गावाला गेले, उधाऱ्या बुडाल्या, खानावळीत सहा माणसं उरली. तेव्हा मी म्हटलं, शाळा सोडते, तुझ्याबरोबर डबे करू, घरोघर पोचवू. चौदा वर्षांची होते. आईने हातातलं उलथनं फेकलं. मला लागलं नाही, भिंतीला लागलं. पण तेव्हाही मला सेठच आठवला. हे तुजं नाय.

पुढे मी बँकेत लागले. काउंटरमागे, साडी नेसून. चष्मा नंतर आला.

आणि आज लोक मला काय विचारतात माहितीये? "तुमच्या आईच्या हाताची ती सुकट, ते कालवण, तुम्ही शिकला नाहीत? अरेरे." अरेरे काय? मला अजून गोल भाकरी येत नाही. माझी भाकरी श्रीलंकेच्या नकाशासारखी होते. ती मला येऊ नये म्हणून एका बाईने वीस वर्षं मेहनत घेतलीय.

माझी भाची लंडनला असते. ती सांगते, तिथल्या करी हाउसमध्ये, आपण ज्यांना इंडियन म्हणतो आणि जी बहुतेक सिल्हेटची बांगलादेशी माणसं चालवतात, तिथेही हीच रड. पोरं डॉक्टर झाली, अकाउंटंट झाली, कांदा चिरायला कुणी नाही. आणि तिथले गोरे गिऱ्हाईकही असेच हळहळतात म्हणे. हळहळणारा नेहमी टेबलाच्या या बाजूला असतो.

असो. थोडी शांत झाले. मध्ये उठून कुकर लावून आले.

खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटतंय. तो आरसा, ज्यात मी शाळेत जाताना रिबीन बघायचे. संगमरवरी टेबल, उन्हाळ्यात गाल टेकवला की गार. काचेच्या बरणीतली खारी. सेठ चिल्लर मोजायचा न बघता, बोटांनीच कळायचं त्याला. आणि त्या थप्पडेनंतर अर्ध्या तासाने त्याने डिकराकडे बन मस्का पाठवला होता, हे मघाशी सांगायचं राहिलं. स्वतः नाही दिला. म्हाताऱ्या वेटरच्या हाती पाठवला. डिकराने आधी खाल्ला नाही. मग खाल्ला. माझी किटली केव्हाच भरली होती, पण मी बघत थांबले होते, आणि घरी जाऊन चहा गार झाला म्हणून माझाही प्रसाद खाल्ला.

आईचा मोठा टोप अजून माझ्या माळ्यावर आहे. त्यात गणपतीचं मखर ठेवते. विकायला निघाले होते, भंगारवाल्याने वजन केलं, भाव सांगितला, आणि मी म्हटलं, राहू दे. आता कुणी म्हणेल, बघा, तुम्हालाही वारसा सोडवत नाही. सोडवत नाही. पण मी टोप ठेवलाय, माझ्या मुलीला त्यात चोवीस जणांचा भात लावायला नाही सांगितलं. ती ग्राफिक डिझायनर आहे. काय करते ते मला नीट कळत नाही, पण तिने माझ्यासारखं बँकेत यावं म्हणून मी दोन वर्षं तिच्याशी भांडले होते, हेही लिहून टाकते. तेव्हा मला कुणी यझदची डाळिंबं सांगितली असती तर मी ऐकलं नसतं.

एडिट, रात्री ११.२० :

डिकराचा फोन आला टोरांटोहून. कुणीतरी त्याला पोस्ट पाठवली. वाचली सगळी, मराठी येतं त्याला, उगाच नाही लालबागचा. पाच मिनिटं नुसता हसत होता. मग म्हणाला, "अगं येडी, कप उचलला म्हणून नाही मारलं. गिऱ्हाइकाने दहा पैसे टेबलावर ठेवले, ते मी खिशात टाकले. ते वेटरचे होते. म्हणून पप्पा बोलले, हे तुजं नाय."

मी गप्प.

म्हटलं, मग कप?

"कप तर मी रोज उचलायचो. तू फक्त त्या दिवशी बघितलंस. मला आवडायचं ते."

मग गल्ल्यावर का नाही बसलास, विचारलं. म्हणाला, पप्पांनी कधी बस म्हटलं नाही आणि मी कधी बसू का म्हटलं नाही. आणि लगेच गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेला.

आता ही पोस्ट दुरुस्त करायची तर अर्धी खोडावी लागेल. दोन तास टाईप केलंय, मी खोडणार नाही. ते कमेंटवाले तरीही चूकच आहेत.

फोन ठेवता ठेवता त्याने विचारलं, तुझ्या आईच्या सुकटीत ते आंबट काय असायचं, कोकम की कैरी? सेठसाठी आई कधीतरी वाटीभर पाठवायची, त्यातली यालाही मिळायची.

मला सांगता आलं नाही. वहिनीला सकाळी फोन करते.