ताई, तुम्हाला काय, नुसतं खेळायचं!

बालवाडीच्या ताई व्हायचं ठरवलंत ना? उत्तम. घरून परवानगी मिळालीच असेल. साडेबाराला घरी, म्हणजे दुपारच्या पोळ्या तुमच्याच हातच्या, हा हिशोब सासूबाईंनी तुमच्या आधी केलेला असतो. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली, म्हणून चार गोष्टी सांगते. ऐकल्यात तर सुखी व्हाल.

काम असतं असं मुळीच कुठे बोलू नका. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलं आणि तुम्ही 'बालवाडीत शिकवते' म्हणालात, की समोरून 'अय्या, किती गोड! तुम्हाला काय, नुसतं खेळायचं' असं येतंच. तेव्हा हसायचं आणि जिलबी घ्यायची. त्याच पंगतीत कॉलेजातला प्राध्यापक असला तर त्याला कोणी गोड म्हणत नाही. त्याच्या विद्यार्थ्यांना नाक स्वतःचं पुसता येतं, हा एवढा फरक.

जूनचा पहिला आठवडा रडण्याचा. एक कडेवर, एक पदराला, तिसरं फाटकाशी एक चप्पल घालून उभं. चौथं गप्प झालंय म्हणून जरा श्वास घ्यावा, तर त्याची आजी खिडकीच्या गजांतून 'रडतोय का गं?' म्हणून डोकावते आणि मैफल समेवरून पुन्हा सुरू. या दिवसांत आईला चुकूनही सांगू नका, की बाई, मुलाला नीट सांगून, अच्छा करून निघा, दोन मिनिटं रडेल पण परत येणार हे त्याला कळेल. छे! त्याचं लक्ष घसरगुंडीकडे वळवा आणि आईला मागच्या दाराने सटकवा. मोठी माणसं न सांगता गायब होतात, हे तिसऱ्या वर्षीच शिकलेलं बरं. मग ते मूल दिवाळीपर्यंत तुमची ओढणी सोडत नाही. लोक म्हणतात, ताईंचा किती लळा आहे!

शिकवायचं काय, हे तुम्हाला ठरवायचं नाहीच. ते पालक ठरवतात, आणि पालकांना शेजारची शाळा सांगते. 'तिकडे नर्सरीतच शंभरपर्यंत लिहून घेतात' हे वाक्य पुण्यात सिंहगड रोडपासून बाणेरपर्यंत एकाच चालीत ऐकू येतं. यावर कणीक मळणं, चिंचोके वेचणं, मणी ओवणं यांतून बोटांत बळ येतं आणि मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते, वगैरे सांगत बसू नका. चिंचोके फुकट मिळतात हे पालकांना माहीत आहे. फी फुकट नाही, हेही. तेव्हा गुपचूप रेघी वह्या काढा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकणं म्हटलंय, ते प्रवेशाच्या फ्लेक्सवर सोनेरी अक्षरांत छापायला असतं. खाली ज्युनिअर केजीचा गृहपाठ.

ऑफिसात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडकांचा फोटो अवश्य लावा, हार रोज बदला. १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे घेऊन बसल्या. मुलं शाळेत येईनात तर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. हे मात्र संचालकांना सांगू नका, नाहीतर ते साधनांचं बजेट कापतील आणि फी तेवढीच ठेवतील.

खासगीत जीव रमला नाही, सरकारी बरी, असं म्हणून जनता वसाहतीकडच्या एखाद्या अंगणवाडीत जाल, तर आधी शब्द नीट शिकून घ्या. कोथरूडात 'मॅम' म्हणजे तुम्ही. अंगणवाडीत 'मॅम' म्हणजे ज्याचा दंडघेर साडेअकरा ते साडेबारा सेंटिमीटर भरतो ते मध्यम कुपोषित मूल, आणि त्याहून कमी भरला तर 'सॅम', म्हणजे तीव्र कुपोषित. १९७५ च्या २ ऑक्टोबरला अंगणवाड्यांची ही एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यात सहा सेवा. पूर्वप्राथमिक शिक्षण ही त्यांतली एक. उरलेल्या पाच, म्हणजे आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि इतर, तेवढ्या आटोपल्या की शिकवायला मोकळ्या. मधे 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपवर नोंदी, सर्व्हे, आणि २०२४ मध्ये लाडक्या बहिणींचे अर्ज, दर अर्जामागे ५० रुपये. स्वतःला मात्र पगारदार समजू नका. तुम्ही मानसेवी, म्हणजे पगार नाही, मानधन. केंद्राने ऑक्टोबर २०१८ पासून सेविकेला महिना ४,५०० रुपये ठरवले, राज्य वर काही घालतं. सेविकांना ग्रॅच्युइटी लागू होते, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. सहाच्या आतल्या मुलांबद्दल घटनेचं कलम ४५ म्हणतं, त्यांच्या संगोपनाचा आणि शिक्षणाचा राज्य प्रयत्न करील. लग्नाच्या आमंत्रणाला आपण 'बघू, जमवतो' म्हणतो ना, तसंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फोटो. आषाढीला पंचवीस वारकरी, सहा तुळशी आणि एक विठ्ठल उभा करायचा. विठ्ठलाने पितांबरात शू केली तरी हात कमरेवरून खाली येता कामा नये. दहा मिनिटांत फोटो ग्रुपवर. अकराव्या मिनिटाला 'आमचा अद्वैत मागच्या रांगेत का?'

अशाच एका दिंडीत माझ्याकडे एक मुलगा होता. जूनपासून तोंडातून शब्द नाही. घरी घडाघडा बोलतो म्हणे, शाळेत फक्त बघायचा. मीही रोज त्याच्या शेजारी बसून नुसते चिंचोके मोजायचे, मोठ्याने. त्या दिवशी मी मोबाइल उंच धरून 'इकडे बघा, इकडे बघा' करत होते आणि त्याने माझा कुर्ता ओढला. 'ताई, शू.'

फोटो हलला. आम्ही दोघं धावलो, दारापर्यंतच पोचलो.

साडेबाराला त्याच्या आईला मी जवळजवळ ओरडूनच सांगितलं, अहो, आज बोलला तो! तिने पिशवीतली ओली चड्डी बघितली. मग म्हणाली, 'बरं झालं हो. पण आज लिहून काय घेतलंत?'

अशा वेळी 'उद्या घेते' म्हणायचं. आणि बादली शोधायची, कारण त्या दिवशी शाळेतल्या मदतनीस मावशी रजेवर असतात.