ऑलिंपिक, बर्फ आणि एक बाथरूम

८ जानेवारी २०१५ ला बातमी आली: २०२४ च्या ऑलिंपिकसाठी अमेरिकेची उमेदवारी आमच्या बॉस्टनला. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन, सगळ्यांना मागे टाकून. मी बायकोला सांगतोय तोवर डोंबिवलीहून मामेभावाचा फोन. तिकडे उजाडलंही नव्हतं.

"अभिनंदन! आम्ही चौघं. पंधरा दिवस. आत्ताच सांगून ठेवतोय."

"दादा, अजून नऊ वर्षं आहेत."

"म्हणून तर. ऐन वेळी म्हणशील, वहिनीच्या माहेरचे आलेत."

पुढे आराखडा जाहीर झाला आणि खेळाडूंची वसाहत निघाली कोलंबिया पॉइंटला, म्हणजे बॉस्टनच्या आमच्याच भागात, डॉर्चेस्टरमध्ये. दादाने नकाशावर अंतर मोजलं आणि "चालत जाऊ" असं परस्पर ठरवून टाकलं. आमचं घर ज्या इमारतीत आहे तिला इथे ट्रिपल-डेकर म्हणतात. तीन मजले, तीन बिऱ्हाडं, मागे लाकडी गॅलऱ्या. थोडक्यात, उभी केलेली चाळ. आम्ही मधल्या मजल्यावर. बाथरूम एक. दादाला अंघोळीला पाऊण तास लागतो.

तेव्हा शहरात ऑलिंपिक हवं आणि नको असे दोन तट पडले होते. त्यांपैकी मी कुठल्या तटात, हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं. फक्त कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मग बर्फ सुरू झाला. जानेवारीच्या शेवटी जो लागला तो थांबेचना. त्या हिवाळ्यात एकूण १०८.६ इंच, म्हणजे नऊ फूट पडला. शहराच्या इतिहासातला विक्रम. आपल्याकडे विक्रमी पाऊस झाला तर निदान वाहून तरी जातो. हा जिथल्या तिथे बसून राहतो आणि आपल्याकडे बघतो.

गाडी उकरायला मला तीन तास लागले. कंबर गेली. पण उकरलेली जागा सोडून ऑफिसला जायचं कसं? इथली रीत अशी, की जागा उकरणाऱ्याने तिथे खुर्ची ठेवावी. परत येईपर्यंत जागा त्याची. वादळाची आणीबाणी उठल्यावर ४८ तास महापालिकासुद्धा हे चालवून घेते. आमच्या गल्लीत खुर्च्या होत्या, इस्त्रीचं टेबल होतं, एक जुना व्हॅक्यूम क्लीनर होता. मला गहिवरून आलं. डोंबिवली फास्टमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा मी. साडेसात हजार मैलांवर येऊन आपलीच माणसं भेटली! घडीची खुर्ची ठेवून निघालो. संध्याकाळी आलो तर जागेवर कुणाची तरी निळी गाडी आणि माझी खुर्ची बर्फाच्या ढिगावर, नीट घडी करून. रुमाल निदान खिशात तरी घालता येतो.

गाडीचा नाद सोडला आणि रेल्वे धरली. फेब्रुवारीत रेल्वेनेही हात टेकले. काही डबे १९६९ सालचे होते, त्यांचं वय बघता मी तक्रार करायला नको. शून्याखाली पंधरात मी पन्नास मिनिटं फलाटावर उभा होतो. पाटीवर "गाडी येत आहे" असं लिहिलेलं. अगदी तत्त्वज्ञान म्हणून वाचलं तर खोटं नव्हतं. शेजारी भिंतीवर ऑलिंपिकविषयीच्या जाहीर सभेचं पत्रक. फलाटावरची सगळी माणसं ते वाचत होती. कुणी काही बोललं नाही, पण मार्चच्या जनमत चाचणीत ऑलिंपिकच्या बाजूने ३६ टक्केच उरले. जानेवारीत ५१ होते. ते कुठल्या फलाटावर गळले, मी दाखवू शकतो.

सभेला मला खालच्या मजल्यावरचे आयरिश आजोबा घेऊन गेले. शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या आणि कुणालाच न जमणारा माईक. सोसायटीच्या वार्षिक सभेत आलोय असं वाटून मी सवयीने दाराजवळची जागा धरली.

पहिल्या दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं, की हा खेळांचा वाद नाहीच, ही लग्नाची बैठक आहे. ऑलिंपिक समिती वरपक्ष, आणि शहर मुलीचा बाप. खर्च वाढला तर कोण भरणार? बाप. तशी हमी यजमान शहराने लिहूनच द्यायची असते. माँट्रिअलच्या बापाने १९७६ साली मांडव घातला, त्याचं कर्ज २००६ मध्ये फिटलं. ओस्लोने आदल्याच वर्षी हिवाळी खेळांची बोलणी मोडली होती. वरपक्षाच्या यादीत राजाकडून मद्यपानाची मेजवानी होती म्हणे, आणि बिल राजवाड्याने नाहीतर आयोजकांनी भरायचं. आमच्या महापौरांनी सही केलेल्या पहिल्या करारात तर पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी स्थळाविषयी वाईट बोलू नये, असंही कलम होतं. बोभाटा झाल्यावर ते बदललं. आमच्या आत्याच्या लग्नात माझ्या आजोबांनी घरच्यांना हाच दम दिला होता, पण तोंडी.

एक गृहस्थ उठून म्हणाले, ऑलिंपिक आलं की त्या निमित्ताने रेल्वे सुधारेल. त्यावर मागून एक बाई ओरडल्या, "मग रेल्वे सुधारा ना, जगाला कशाला बोलावताय?" हॉलभर टाळ्या. मी वाजवल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या गृहस्थांचं पटत होतं. आमच्या डोंबिवलीच्या घराला शेवटचा रंग आत्याच्या लग्नात लागला, नळही तेव्हाच बदलले. कार्य निघाल्याशिवाय घराला हात लागत नाही, हे बाईंना कोण सांगणार? पण आत्याच्या लग्नाचं कर्ज फेडताना आजोबांचे दात गेले आणि कवळी बसवायला पैसे नव्हते, तेही मला आठवत होतं. त्यामुळे मी हात अर्धा वर केला. माईकवाल्या मुलीने तो पाहिला आणि माईक माझ्यापुढे धरला.

"या शहरात," मी म्हणालो, "एका कुटुंबाला किती बाथरूम असावीत, याचा काही विचार झालाय का?"

दोन सेकंद शांतता, मग जोरदार टाळ्या. घरांच्या टंचाईवरचा मुद्दा म्हणून तो टिपूनही घेतला. आयरिश आजोबांनी पाठ थोपटली. त्यानंतर गल्लीत माझी खुर्ची कुणी हलवली नाही.

शहराच्या साचलेल्या बर्फाचा डोंगर साउथ बॉस्टनच्या बाजूला रचला होता. तो कधी वितळेल याचा अंदाज बांधायची स्पर्धासुद्धा महापौरांनी ठेवली होती. तो १४ जुलैला संपला. २७ जुलैला महापौर म्हणाले, हमीवर मी सही करत नाही. आणि त्याच दिवशी ऑलिंपिकही वितळलं. विरोधक म्हणजे मुख्यतः ट्विटरवरची दहाएक माणसं, असंही ते त्या दिवशी म्हणाले. मी तर ट्विटरवर नव्हतोच.

दादाला कळवताना मी आवाज शक्य तितका पाडला होता. त्याने "अरेरे" केलं. दोन वर्षांनी २०२४ पॅरिसला गेलं आणि २०२८ लॉस एंजेलिसला, तेव्हा पुन्हा फोन आला.

"लॉस एंजेलिसला आपलं कोण आहे रे?"

"हिची चुलतबहीण," मी म्हणालो. "नंबर लिहून घे. त्यांच्याकडे तीन बाथरूम आहेत."