हीटर गार हवा फेकतो आणि दोष गॅसला

धुळ्यात पारा सहा-सातवर आला की टपरीसमोर शेकोटी पेटते आणि मोबाइलवर तोच जुना मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला एकाच दिवसात चौघांनी पाठवला. थोडक्यात मजकूर असा: कॅम्परचा, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेल्या गाडीचा, गॅस हीटर कमी तापत असेल तर कारण एकच, गॅस कमी पडतो. मोठ्या दाबाचा रेग्युलेटर लावा, सिलिंडर आडवं करा, हवेचा स्विच डायरेक्ट करा, गरम हवा येते त्यातल्या नको त्या जाळ्या बंद करून सगळी हवा एकीकडे वळवा. आणि गॅसचा वास येत नाही तोवर निर्धास्त झोपा.

मी आग्रा रोडला गाड्यांची वायरिंग करतो. ट्रॅव्हलरचे कॅम्पर हल्ली दुकानात येऊ लागलेत, आणि एखाद्यात कुणाच्या मेहुण्याने अमेरिकेहून आणलेला हीटर असतो. तिकडे त्याला फर्नेस म्हणतात. हा मेसेज म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हीटर चालतो कसा ते आधी बघा. थर्मोस्टॅटने हुकूम दिला की पहिल्यांदा फिरतो तो पंखा. त्याची हवा पुरेशी जोरात आली की वाटेतली एक छोटी पट्टी ढकलली जाते आणि स्विच लागतो, हाच तो मेसेजमधला हवेचा स्विच. त्यानंतर गॅसचा वाल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. पंखाच मंद असेल तर गॅसची पाळी येतच नाही, जाळीतून नुसती गार हवा येत राहते. मग सिलिंडर कितीही भरलेलं असो.

शिरपूरचा एक पोरगा असाच आला. "दादा, बठ्ठं बरोबर शे, हवाच गार ई राह्यनी." आतले लाइट लागतात म्हणजे बॅटरी चांगली, हा त्याचा हिशेब. अहो, एलईडी अकरा व्होल्टलाही लख्ख पेटते. पंख्याची मोटर मात्र तेवढ्यावर रडते. मी मीटर बॅटरीवर लावून थांबलो नाही, पंखा चालू ठेवून हीटरच्या टोकाशीही लावला. बॅटरीवर १२.४, हीटरवर १०.१. मधली वायर बारीक आणि तिच्या टोकाचं थिंबल काळं पडलेलं. जाड वायर टाकली, थिंबल बदललं, हीटर पेटला. त्याआधी त्याने दोन सिलिंडरं बदलली होती.

आता रेग्युलेटर. हे हीटर साधारण २८ मिलिबार दाबावर जळायला बनवलेले असतात. आपल्या घरच्या शेगडीचा रेग्युलेटर ३०च्या आसपास देतो, म्हणजे जवळपास तेवढाच. त्याहून मोठा लावला की गॅस जास्त आणि हवा तेवढीच. ज्योत पिवळी पडते, काजळी धरते.

गॅसचा दोष कधीच नसतो असंही नाही. एलपीजीमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांनाही वायू होतो, ब्युटेन मात्र उणे अर्ध्या अंशाखाली द्रवच राहतो. स्पितीला गेलात तर हे खरंच नडेल. तोरणमाळला यशवंत तलावाकाठी गाडी लावली तर सहसा नाही. अक्कलकुव्याकडे डाबला दव गोठतं, तिथे पहाटे सिलिंडर सुस्तावेल. पारख सोपी आहे: हीटर चालू असताना आतली शेगडी पेटवा. तिची ज्योत बसली तरच गॅसकडे वळा.

आणि सिलिंडर आडवं? घरी शेवटचा चहा करायला लोक तेच करतात, तिथेही ते चूकच. आडव्या सिलिंडरमधून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि वायू होताना अडीचशे पटीच्या आसपास फुगतो. पुढचं सांगायला नको.

जाळ्या बंद करण्याची आयडिया वरवर शहाणपणाची वाटते. पण ज्योत जळते त्या पत्र्याच्या पेटीतली उष्णता बाहेर गेली नाही की दुसरा एक सुरक्षा-स्विच बर्नर बंद करतो आणि पंखा तेवढा चालू ठेवतो. थोडा वेळ गरम, मग गार, परत गरम, असं होत असेल तर बहुधा हेच. बर्थखालच्या परतीच्या जाळीवर गोधडी कोंबलेली नाही ना, डब्यांखाली पाइप चेपला नाही ना, ते आधी पाहा.

खरा राग मला उरलेल्या दोन सल्ल्यांचा आहे. हवेचा स्विच डायरेक्ट केला, म्हणजे तो वगळून तारा थेट जोडल्या, की पंखा अडकला तरी ज्योत जळत राहू शकते. पेटीचा पत्रा तापून तापून तडकतो, आणि बाहेर जायचा धूर झोपलेल्या माणसांकडे येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा. जळल्यावर तो उरत नाही. तेव्हा "वास नाही म्हणजे धोका नाही" हे ज्याने लिहिलं त्याने हीटर कधी उघडून बघितलेला नसावा. थंडीत केळी वाचवायला रावेर-यावलला रात्री बागेत धूर करतात, पण तो उघड्या आभाळाखाली. कॅम्परमध्ये मोनॉक्साइडचा अलार्म लावा, दर महिन्याला त्याचं बटण दाबून बघा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर हीटर बंद करून आधी बाहेर पडा, कारण नंतर शोधा.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. आपल्याकडे कॅम्पर मार्चपासून दिवाळीपर्यंत शेडमध्ये उभा असतो आणि बाहेरच्या धुराड्यात कुंभारीण माशी मातीचं घरटं बांधते. शिरपूरच्या गाडीतून तसे दोन गोळे निघाले.

पुढच्या शनिवारी रात्री त्या पोराचा तोरणमाळहून फोन. आता फार गरम होतंय, दोन जाळ्या बंद करू का? नको म्हटलं, थर्मोस्टॅट खाली कर.