पंत, मी आणि एक ते चार

सदाशिव पेठेत, पेरूगेटाच्या मागच्या गल्ल्यांमध्ये, भर दुपारी पट्टा बांधलेलं मांजर फिरवणारा साठीचा गृहस्थ तुम्हाला कधी दिसला असेल, तर तो मीच. हसू नका. हसायचं काम आमच्या गल्लीने केव्हाच उरकलंय.

मांजर माझं नाही, लेकीचं. ती नोकरीला बंगळुरूला गेली, तिथल्या घरमालकाला मांजर चालेना, आणि "दोनच महिने हं बाबा" या बोलीवर हा बोका आमच्या पदरात पडला. त्याला आता तीन वर्षं होतील. कपाळावर गंध लावावं तसा उभा काळा पट्टा, चाल संथ, आणि समोरचा बोलत असताना मधेच उठून जायची सवय. त्यामुळे नाव पडलं पंत. "पंत मेले, राव चढले अशी म्हण असताना हे कसलं नाव?" असं बायको म्हणाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच, वर आदरार्थी बहुवचनासकट. लेक फोनवर आधी "पंत जेवले का?" विचारते, मग वेळ उरलाच तर "आणि तू जेवलास का रे?"

मागच्या पावसाळ्यात पंत कबुतरामागे बाल्कनीतून गेले. दुसरा मजला. खाली सोनचाफा, त्याखाली कुणाची तरी स्कूटर. पंत चाफ्यातून गळत स्कूटरच्या सीटवर उतरले. हनुवटी खरचटली आणि एका सुळ्याचं टोक उडालं, बाकी काही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी धीर देताना सांगितलं, की १९८७ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांची पाहणी छापली होती आणि त्यांतली नव्वद टक्के जगली. मी बँकेतला माणूस, उरलेले दहा टक्के म्हणजे तेरा मांजरं हा हिशोब मनात झालाच. पण बायको पुढची निघाली. "जी जागेवरच गेली, त्यांना दवाखान्यात कोण आणणार हो? ती धरलीच नसतील." डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले.

झालं. बाल्कनीला जाळी बसली आणि पंत दारापाशी बसून रडू लागले. मांजराचं रडणं ज्यांनी ऐकलं नाही, त्यांना काय सांगावं? रात्री अडीचला तान्हं मूल टाकून आई-बाप सिनेमाला गेलेत असं शेजाऱ्यांना वाटतं. शेवटी लेकीने पार्सलने छातीचा पट्टा पाठवला, सोबत व्हिडिओ कॉलवर तंबी. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी बांधायची नाही. मांजराचं खांद्याजवळचं हाड आपल्यासारखं पक्कं सांधलेलं नसतं, नुसतं मांसात अडकलेलं असतं, म्हणून जिथून डोकं जातं तिथून बहुधा सगळं मांजर जातं. पट्टा छातीला, आत दोन बोटं जातील इतकाच घट्ट. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न आजवर मी उंदरांचाच समजत होतो.

पट्टा चढवला आणि पंत आडवे झाले. नुसते आडवे नाही, धाडकन एका कुशीवर. डोळे उघडे, शेपूट निर्जीव. आठवडाभर रोज हाच प्रयोग. मी जमिनीवर पालथा पडून "चला पंत, चला" म्हणतोय, आणि पंत माझ्याकडे बघत आपलं शेवटचं इच्छापत्र मनात जुळवतायत. सातव्या दिवशी बायकोने स्वयंपाकघरात सुकटीचा डबा उघडला, तेव्हा सर्वांगाला लकवा मारलेले पंत पट्ट्यासकट तीन ढांगांत तिथे पोचले.

पुढचा प्रश्न वेळेचा. सकाळी गल्ली भटक्या कुत्र्यांची. संध्याकाळी दुचाक्यांची, शिवाय शाळा सुटलेल्या पोरांची. रात्री परत कुत्र्यांची. आठ दिवस निरीक्षण केल्यावर ध्यानात आलं, की मांजराला सुरक्षित असं पुण्यात एकच टिपण आहे: दुपारी एक ते चार. दुकानदार झोपलेले, दुकानापुढची कुत्री झोपलेली. या वामकुक्षीवर लोकांनी इतके विनोद केले, पण त्यातला प्राणिकल्याणाचा मुद्दा कुणाला दिसला नाही.

फक्त उन्हाळ्यात हे चालत नाही. मांजराच्या तळव्यांना डांबराचा चटका बसतो, म्हणून आधी हाताची उलटी बाजू रस्त्याला टेकवून सात सेकंद धरायची. धरवली तर मांजर न्यायचं. मी एप्रिलमध्ये असा उकिडवा बसून "तीन... चार..." मोजत असताना एक सद्गृहस्थ थांबले. "काय हरवलंय?" मी म्हटलं, "काही नाही, रस्ता तापलाय का बघतोय." ते म्हणाले, "बसा सावलीत जरा," आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

आता श्रावण आहे, रस्ता गार आहे. आणि एक अद्भुत गोष्ट रोज अनुभवतो. लाल दिव्याला ज्याने जन्मात मान दिला नाही, असा दुचाकीवाला पंत आडवे गेले की ब्रेक लावतो, पाय टेकतो आणि दुसरं कुणी आधी जाईल म्हणून वाट बघतो. दुसराही थांबतो. एकदा चौघे थांबले होते. पंत रस्त्याच्या मध्यावर बसून पाय चाटत होते आणि मी दोरी धरून वाहतूक हवालदारासारखा उभा.

सल्ले मिळतात ते वेगळेच. दूध वाटीभर पाजा (मोठ्या मांजराला बहुतेक वेळा ते पचत नाही). पंतांना एकदा शिंक आली, तर गॅलरीतल्या काकूंनी तापाची अर्धी गोळीच वरून खाली टाकली. बायकोने ती हवेत झेलावी तशी उचलली, कारण आपलं साधं पॅरासिटामॉल मांजराला चक्क विष आहे, एका गोळीतही जीव जातो. काकू अजून रुसलेल्या आहेत.

तर मागचा मंगळवार. पावणेदोन वाजले होते. गल्ली चिडीचूप. पंत तळमजल्यावरच्या काकांच्या गाडीचं टायर हुंगत होते. एवढ्यात कोपऱ्यावरून भंगारवाल्याचा टेम्पो आला, आणि त्याचा रेकॉर्ड केलेला भोंगा सुरू झाला. पंत उलटे सरकले. पुढे नाही, मागे. पट्टा डोक्यावरून सदऱ्यासारखा निघाला, माझ्या हातात राहिला, आणि पंत गाडीखाली दिसेनासे झाले.

वाकून बघितलं, नाहीत. म्हणजे वर, इंजिनात. पावसाळ्यात मांजरं उबेला बॉनेटखाली शिरतात, आणि कुणी न बघता गाडी चालू केली की काय होतं ते सांगवत नाही. मी बॉनेटवर थापा मारल्या. काही नाही. बॉनेट उघडायला किल्ली हवी, किल्ली काकांकडे, आणि काकांच्या दारावर पाटी: 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही व नंतरही बोलले जाणार नाही.'

लेकीला फोन लावला. "बाबा, कुणालाही गाडी चालू करू देऊ नकोस!" मी म्हटलं, "बाळ, त्याची खात्री आहे. हा माणूस चारच्या आत उठत नाही." आयुष्यात पहिल्यांदा त्या पाटीचा आधार वाटला.

मग गाडीशेजारी वर्तमानपत्र पसरून बसलो. बायकोने सुकट आणली. आमच्या इमारतीत अंडीसुद्धा काळ्या पिशवीतून येतात, तिथे भर दुपारी ताटलीत सुकट! पंत आले नाहीत. दोन अनोळखी मांजरं आली, जेवली, गेली. वरच्या दोन खिडक्या दाणकन बंद झाल्या. कुरिअरचा पोरगा थांबून म्हणाला, "काका, जरा स्टार्टर मारून बघा, लगेच निघेल." बायकोने त्याच्याकडे असं बघितलं, की तो पार्सल न देताच गेला.

चारला दोन मिनिटं कमी असताना आत कपबशी वाजली. चारला दार उघडलं. बनियन घातलेले काका, हातात चहा. मला, ताटलीला आणि वर्तमानपत्राला बघून म्हणाले, "उपोषण आहे का?"

मी कशीबशी हकिकत सांगितली. काकांनी मान वळवून आत बघितलं. आरामखुर्चीत, काकांच्या पंचावर, पंत चारही पाय वर करून झोपले होते.

"हे तुमचे होय? मागच्या खिडकीतून आले पावणेदोनला. पायाशी झोपले, हूं नाही की चूं नाही." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "पण तुम्ही दोन तास इथे बसलात? अहो, बेल वाजवायची की!"

मी पाटीकडे बोट दाखवलं. काकांनी ती दुसऱ्या कुणीतरी लावल्यासारखी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"ती कुरिअरवाल्यांसाठी आहे," ते म्हणाले.