बीओपीला शिव्या देण्याआधी मॉन्झाचं पहिलं वळण बघा

आमच्या ऑनलाइन रेसिंग गेमवाल्यांच्या ग्रुपवर दर आठवड्याला दोन पोस्ट ठरलेल्या. पहिली : "पॉर्शला परत नर्फ केलं, आता ती गाडी गॅरेजमध्ये सजवून ठेवा." (नर्फ म्हणजे बीओपीच्या नावाखाली गाडी मुद्दाम मंदावणं.) दुसरी : कुणीतरी कुणालातरी पहिल्याच वळणावर मागून ठोकलं, त्याची वीस सेकंदांची क्लिप आणि खाली शिव्यांचा पाऊस. पहिल्या पोस्टवर गाड्यांचे जाणकार भांडतात, दुसरीवर सगळेच. जणू या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंधच नाही.

मला तर ती एकच तक्रार वाटते. बरेच दिवस लिहायचं होतं, आज रविवार आहे आणि लाइटही आहे, तर लिहून टाकतो. लांबेल, आधीच सांगतो.

आधी बीओपी म्हणजे काय ते. जीटी३ नावाचा गाड्यांचा वर्ग २००६ साली स्टेफान रातेल यांच्या एसआरओ या शर्यती भरवणाऱ्या संस्थेने शर्यतीत आणला. पॉर्श ९११ चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, मर्सिडीज-एएमजीचं ६.२ लिटरचं व्ही८ पुढे, ऑडी आर८ चं व्ही१० मध्यभागी, मॅक्लारेनला ट्विन टर्बो. असल्या चार तऱ्हेच्या गाड्या एका ग्रिडवर उभ्या करायच्या, तर जी जास्त पळते तिच्यावर वजन लादायचं, इंजिनात हवा जाण्याचं तोंड बारीक करायचं, टर्बोचं प्रेशर उतरवायचं, नाहीतर गाडी जमिनीपासून थोडी उचलायची. हाच बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स. यामुळे कंपन्यांना एकमेकींपेक्षा जास्त पैसा ओतून जिंकता येत नाही आणि आपल्याला आठ-दहा वेगवेगळ्या गाड्या एकत्र पळताना दिसतात. कल्पना उत्तम आहे, माझा तिच्यावर राग नाही.

पण खऱ्या शर्यतीतही तिच्यावरून भांडणं होतातच. २०२३ च्या ल मॉंचं आठवा, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीचं. २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षं टोयोटा जिंकलेली. ल मॉं होईपर्यंत बीओपीला हात लावायचा नाही असं ठरलेलं. तरीही शर्यतीच्या तोंडावर टोयोटावर ३७ किलो चढवले, फेरारीवर २४, कॅडिलॅकवर ११ आणि पॉर्शवर ३. जिंकली फेरारी, शताब्दीच्या वर्षात, अर्ध्या शतकानंतर तिथे सर्वोच्च गटात परत येऊन. टोयोटावाल्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. जिथे अभियंत्यांची फौज आहे आणि प्रत्येक गाडीतून सेन्सरचा डेटा येतो, तिथे ही कथा. मग गेम बनवणाऱ्यांनी टक्क्यांमध्ये पॉवर आणि वजन वरखाली करून सगळ्यांना खूश करावं, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

आता मुद्द्याचं. बीओपी करणारा बहुतेक वेळा बघतो लॅप टाइम. दोन गाड्या इटलीतल्या मॉन्झा ट्रॅकवर १ मिनिट ४८ सेकंदांच्या आसपास फिरल्या की त्या 'सारख्या'. पण एकीने हा वेळ सरळ रस्त्यावर कमावलेला असतो आणि दुसरीने लेस्मोच्या दोन वळणांत आणि अस्कारीत. एकेकटी पळवली तर घड्याळाला काही फरक कळत नाही. एकामागे एक पळवून बघा.

वळणातली गाडी पुढे असेल, तर सरळीवरची गाडी तिला शिकेनच्या (सरळीनंतरच्या डाव्या-उजव्या आवळ वळणाच्या) आधीच आरामात गाठते. अंगावर न जाता, ब्रेकसुद्धा नेहमीच्याच जागी लावून. उलट सरळीवरची पुढे असेल, तर वळणातल्या गाडीची पंचाईत. अस्कारीत ती पुढच्याच्या बंपरला चिकटलेली असते, पण तिथे ओलांडायला जागा नाही. शेवटच्या लांब वळणात तिला वेगात जाता आलं असतं, पण समोर कुणीतरी हळू चाललंय म्हणून तिलाही हळू जावं लागतं. तिचा कमावण्याचा सगळा वेळ दुसऱ्याच्या मागे वाया जातो आणि मुख्य सरळीवर पुढची गाडी पुन्हा चार हात लांब. म्हणजे एकट्याच्या लॅपवर समान असलेल्या गाड्या गर्दीत समान राहत नाहीत.

मग वळणातल्या गाडीवाल्याने करायचं काय? त्याला एकच जागा उरते : पहिलं शिकेन. २७० च्या आसपासच्या वेगावरून सत्तर-ऐंशीवर यायचं, आणि तिथे समोरच्यापेक्षा उशिरा ब्रेक लावायचा. दहा मीटर उशिरा लावला तर ती हिंमत. तीस मीटर उशिरा लावला तर डाइव्हबॉम्ब. पुढचा वळायला लागतो तेव्हा याच्या गाडीचं नाक त्याच्या दाराशी तरी पोचलेलं असावं, एवढा साधा संकेत आहे. नाक नुसतं मागच्या चाकाशी असेल तर हक्क पुढच्याचा. पण पंचवीस मिनिटं ज्याच्या मागे कुजलो त्याला ओलांडायची शेवटची संधी समोर असताना हा संकेत किती जणांना आठवतो?

म्हणून म्हणतो, ठोकाठोकीच्या क्लिपखाली नुसतं "चीटर" लिहून भागत नाही. काही जण मुद्दाम ठोकतात, ते हलकट आहेतच आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे सहानुभूती शून्य. पण निम्म्याहून जास्त धडका मला अशा दिसतात की गाडीने माणसाला एका कोपऱ्यात ढकललं आणि माणसाने तो कोपरा दुसऱ्याच्या खर्चाने सोडवला. बीओपी बिघडलं की घाण ड्रायव्हिंग वाढतं ते असं.

आता कुणी म्हणेल, त्यासाठीच तर पेनल्टी असते, रेटिंग असतं. आहे ना. प्लेस्टेशनवरच्या ग्रान तुरिस्मो स्पोर्टमध्ये २०१७ साली डीआर आणि एसआर आले : एक वेगाचं रेटिंग, एक सभ्यतेचं. ग्रान तुरिस्मो ७ मध्येही तेच चालू आहे. माझा पुतण्या तो खेळतो. परवा म्हणाला, "काका, एस रेटिंगवालेपण ठोकतात, फक्त बेतानं ठोकतात." (एस म्हणजे सभ्यतेचं सर्वात वरचं अक्षर.) पोरगं चौदा वर्षांचं आहे आणि त्याने यंत्रणेचं मर्म सांगून टाकलं. संगणकाला धक्का मोजता येतो, हेतू मोजता येत नाही. किती जोराचा धक्का झाला की पेनल्टी बसते हे महिनाभर खेळणाऱ्याला पाठ होतं. मग पेनल्टी बसणार नाही इतपत कोपर मारून समोरच्याला रुंद ढकलायचं, ही एक वेगळीच कला तयार होते. आणि ज्याला ढकललं तो गवतातून परत येताना कुणाला तरी घासतो, आणि पेनल्टी खातो तो!

आयरेसिंग या कॉम्प्युटरवरच्या रेसिंग गेमवाल्यांनी याचं उत्तर दुसऱ्या टोकाला जाऊन काढलं. गाड्या जोरात आपटल्या की दोघांनाही ४ इन्सिडंट पॉइंट, चूक कुणाचीही असो. ट्रॅकबाहेर चाक गेलं की १, गाडी हातातून सुटली की २. शर्यतीची मर्यादा ओलांडलीत की बाहेर. नवीन माणूस याने चिडतो आणि त्याचं चिडणं बरोबरच आहे. मागून येऊन मला उडवलं, वर चार पॉइंट मलाच? पण काही काळाने एक गंमत लक्षात येते. दोष ठरवायचाच नाही म्हटलं, की माणूस दोष टाळण्याऐवजी धडक टाळायला शिकतो. आरशात एखादा वेडापिसा येताना दिसला की त्याला जाऊ देतो, दोन वळणांनी तो भिंतीत सापडतोच. न्याय्य आहे का? मुळीच नाही. काम करतं का? बऱ्यापैकी. खरंच मुद्दाम ठोकणाऱ्याविरुद्ध प्रोटेस्ट करता येतो आणि तो माणसं तपासतात, हा भाग मला त्यांच्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा मोलाचा वाटतो.

कारण हेतू ओळखणं माणसालाही सोपं नाही. १९९० च्या फॉर्म्युला वनमध्ये, जपानच्या सुझुकाला पहिल्याच वळणावर सेना आपला प्रतिस्पर्धी प्रॉस्टवर जाऊन आदळला, दोघे बाहेर, विजेतेपद सेनाला. मुद्दाम केलं हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं ते पुढच्या वर्षी. जगातल्या सगळ्या कॅमेऱ्यांसमोर घडलेल्या धडकेचा उलगडा व्हायला एक वर्ष लागलं. तोच निवाडा गेमने पाव सेकंदात द्यावा असं आपण धरून बसतो.

व्यावसायिक ड्रायव्हर तरी ऑनलाइन सभ्य वागतात का? २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे मोठे लोक घरात बसून आयरेसिंग खेळत होते. इंडियानापोलिसच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा लँडो नॉरिस आघाडीवर होता आणि सिमॉन पाजनोने मुद्दाम वेग कमी करून त्याला अडवलं, नॉरिसची शर्यत तिथे संपली. हा पाजनो आदल्या वर्षीचा इंडी ५०० विजेता! खऱ्या ट्रॅकवर त्याने हे स्वप्नातही केलं नसतं. त्याच महिन्यात फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची मालिका) च्या ऑनलाइन शर्यतीत ऑडीचा ड्रायव्हर डॅनियल आप्टने स्वतःच्या जागी एका सिम रेसरला, म्हणजे गेममधल्या तरबेज खेळाडूला बसवलं. त्याला दहा हजार युरो धर्मादाय संस्थेला द्यावे लागले, आणि ऑडीची खरी सीटही गेली. या दोन प्रसंगांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो : दुसऱ्यात गमावण्यासारखं काहीतरी पणाला लागलं. पब्लिक लॉबीतल्या, म्हणजे कुणीही येऊन खेळावं अशा शर्यतीतल्या अनोळखी माणसाचं काय पणाला असतं? रेटिंगचं एक अक्षर, जे दोन शर्यती सरळ चालवल्या की परत मिळतं.

गल्ली क्रिकेटला अंपायर नसतो तरी ते चालतं, कारण रडीचा डाव खेळणाऱ्याला उद्या संध्याकाळी त्याच पोरांकडे बॅटिंग मागायची असते. लॉबीत उद्या संध्याकाळ नाही.

आता थोडं आपल्याकडचं, कारण हे दुःख युरोपातल्या मित्रांना समजत नाही. आपण खेळतो रात्री अकरानंतर, कारण तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि ग्रिड भरतं. सर्व्हर बहुधा युरोपात, पुण्यातून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंद आला तर नशीब. जरा हिशेब करा : ताशी २५० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० मीटर. १५० मिलिसेकंदांत गाडी दहा मीटरहून जास्त पुढे जाते, म्हणजे दोन गाड्यांच्या लांबीएवढी. समोरच्याच्या स्क्रीनवर मी कुठे आहे हे गेम अंदाजाने दाखवतो. सरळ रस्त्यावर तो अंदाज बरोबर येतो, ब्रेकिंगला चुकतो, कारण मी नेमका कधी पाय दाबला ते तिकडे उशिरा कळतं. माझ्या स्क्रीनवर दोघांमध्ये वीतभर अंतर, त्याच्या स्क्रीनवर मी त्याच्या डिकीत. तो मनापासून शिव्या देतो, मी मनापासून निर्दोष असतो आणि दोघांचे रीप्ले आपापल्या जागी खरे असतात. मी तर आता परदेशी सर्व्हरवर ब्रेकिंगला समोरच्याच्या थेट मागे राहतच नाही, अर्धी गाडी बाजूला काढून ठेवतो. वेळ जातो, पण शिव्या वाचतात. लाइट जाऊन मध्येच बाहेर फेकलं जाणं हे वेगळं प्रकरण, त्यावर बोलायला लागलो तर पोस्ट संपणार नाही. (हो, यूपीएस आहे. राउटरला नाही.)

तर माझं मत. पब्लिक लॉबीत रोजच्या शर्यती एकाच गाडीच्या असाव्यात. वन-मेक. सगळ्यांना तीच गाडी, तोच सेटअप, तेच पेट्रोल. आयरेसिंग नवख्यांना माझदा एमएक्स-५ मध्ये बसवतं ते उगाच नाही : ताकद कमी, ब्रेकिंग लांबलचक, चुकलं तर सावरायला वेळ मिळतो आणि एकमेकांच्या मागे स्लिपस्ट्रीममध्ये (पुढच्या गाडीच्या हवेच्या आडोशाला) सगळेच सारखे. आपल्या देशातलं खरं रेसिंगही बरंचसं याच वाटेने गेलंय. फॉर्म्युला एलजीबी घ्या, २०१० ला सुरू झालेला पोलो कप घ्या. कारण खर्चाचं होतं, पण फायदा हा झाला की शर्यत संपल्यावर कुणी गाडीकडे बोट दाखवू शकत नाही.

एमएक्स-५ च्या रूकी, म्हणजे नवख्यांच्या शर्यतीत ठोकाठोकी होत नाही असं मी म्हणत नाही. रूकीमध्ये पहिल्या वळणावर जे होतं त्याला शर्यत म्हणणं धाडसाचं आहे. पण तिथे धडकेनंतर "माझी गाडी सरळीवर मरते, मी काय करणार" हे ऐकू येत नाही. बहाणा गेला की उरतो तो नुसता ड्रायव्हर, आणि त्याला शिकवता येतं. जीटी३, बीओपी, सहा प्रकारच्या गाड्या हे सगळं लीगमध्ये ठेवा, जिथे वीस माणसं एकमेकांना नावाने ओळखतात आणि शर्यतीनंतर कुणीतरी रीप्ले बघतं.

याला विरोध होणार, माहीत आहे. "मी फेरारी चालवायला गेम घेतला, माझदा चालवायला नाही." रास्त आहे. फेरारी चालवा, टाइम ट्रायलमध्ये (एकट्याने घड्याळाशी) चालवा, लीगमध्ये चालवा. पण अनोळखी पंचवीस जणांमध्ये पाच लॅपच्या शर्यतीत चालवून वर बीओपीच्या नावाने गळा काढू नका. पाच लॅप हाही एक गुन्हाच आहे म्हणा. एवढ्या छोट्या शर्यतीत धीर धरायला वेळच नसतो, जे करायचं ते पहिल्या दोन वळणांत. पंचेचाळीस मिनिटांची शर्यत, टायर झिजणारे आणि एक पिट स्टॉप दिला, तर तीच माणसं शहाण्यासारखी चालवतात, हे मी पुन्हापुन्हा बघितलंय. मागे अडकलेल्याला मग शिकेनशिवाय दुसरा रस्ताही मिळतो : पुढच्याच्या आधी पिटला जा, नव्या टायरवर दोन लॅप झोडपून काढ.

आमच्या छोट्या लीगमध्ये आम्ही तीन नियम केले आणि भांडणं निम्म्यावर आली. त्या दिवशी जो शर्यतीत नाही तोच स्टुअर्ड, म्हणजे पंच. तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतरच करायची, रात्री एक वाजता तापलेल्या डोक्याने नाही. आणि दोघांचेही रीप्ले बघायचे, कारण वर सांगितलेला पिंगचा घोळ. पहिल्या लॅपच्या धडकेला शिक्षा दुप्पट असावी असं एकाचं म्हणणं आहे, त्यावर मतदान बाकी आहे. पुढच्या हंगामाला गाडी कोणती यावरही रण माजलंय : सात जण जीटी३ वर अडून बसलेत, सहा जण माझ्यासारखे एमएक्स-५ वाले. मतदान शुक्रवारी. लीगमधल्यांनी हे वाचलं असेल तर कुणाला मत द्यायचं ते कळलं असेलच.