‘घरबसल्या उचललेलं’ या शेऱ्याबद्दल

स. न.

‘कर्वे आडनावाची माणसं’ या लेखावरची आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. आक्षेप असे: फोटोतलं मुरूड चुकीचं आहे, महर्षी कर्व्यांच्या सूनबाई इरावतीबाई जन्माने करमरकर असूनही कर्व्यांत धरल्या, क्रांतिकारक कृष्णाजी कर्वे वगळले. आणि शेवटचं वाक्य, ‘हे सगळं घरबसल्या इकडून तिकडून उचललेलं दिसतं.’

मुरूडचं मान्य. अण्णांचं, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं मुरूड दापोलीकडचं, फोटो लागला जंजिऱ्याजवळच्या मुरूडचा. काल रात्रीच बदलला.

पण ‘उचललेलं’ हे कशावरून ठरवलंत? माझी पणजी अकराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढे अण्णांनी पुण्याजवळ हिंगण्याला विधवांसाठी चालवलेल्या आश्रमात शिकली. फर्ग्युसनमधलं शिकवणं आटोपून अण्णा पायी हिंगण्याला यायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत. पायरीवर वहाणा आपटल्याचा आवाज आला की मुली ओळखायच्या, अण्णा आले. हे पणजीने आजीला सांगितलं, आजीने मला. पणजीची तिथली पितळी वाटी आजही आमच्या देवघरात आहे. तिच्यावर नुसतं नाव घातलंय, आडनाव नाही. लहानपणी मी ती वाटी घासत असे तेव्हा आजी हमखास विचारायची, ‘आडनाव का नाही, सांग बघू?’ हा लेख मला तिथून सुचला.

१८९३ साली अण्णांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला म्हणून त्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकलं. त्यांच्या मुलाने, र. धों.नी (रघुनाथरावांनी), १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं आणि संततिनियमनाचं मासिक चालवलं, त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढले, दंड भरला. या घराबद्दल मी आयुष्यभर ऐकत, वाचत आलो आहे. आणि तुम्ही मला ओळखतदेखील नाही, तरी एका ओळीत चोर ठरवून मोकळे झालात! वयाचा नाही तर निदान त्या वाटीचा तरी मान ठेवायचा होतात.

इरावतीबाईंचं म्हणाल, तर ‘युगान्त’ या आपल्या पुस्तकावर त्यांनी स्वतः कर्वे हेच नाव लावलं. विषय संपला. कृष्णाजी कर्वे १९१० साली जॅक्सन-वधाच्या खटल्यात ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि देशपांडे यांच्याबरोबर फाशी गेले, हे मला ठाऊक आहे. त्यांना चार ओळींत उरकायचं नव्हतं, एवढंच.

फोटो बदललाय, बघून घ्या. बाकी लेख आहे तसाच राहील.