दोस्ताच्या प्रेमात पडलेल्या पोरांच्या गोष्टी

दोन दोस्त हळूहळू एकमेकांच्या प्रेमात पडतात, अशी छोटी गोष्ट दिसली की मी हातातलं काम बाजूला ठेवून वाचतो. प्रतिलिपीवरची असो, वॉटपॅडवरची असो की कुणी फेसबुकवर भाग पाडून टाकलेली असो. गे प्रेमकथांमध्ये हा प्रकार जगभर लाडका आहे. पण आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना तो जितका लागू पडतो तितका दुसरा कुठलाच नाही, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच तो घाईत उरकलेला बघवत नाही.

लातूरचंच घ्या. दहावी झाली की उदगीर, अहमदपूर, कंधार, अंबाजोगाईकडची पोरं क्लाससाठी लातुरात खोली करतात. एका खोलीत तिघं-चौघं, दोन वेळची मेस, रात्री उशिरापर्यंत अभ्यासिका. एका गादीवर दोघं झोपले, गळ्यात हात टाकून चहाला गेले, तर कुणी वळूनही बघत नाही. तेच पोरगा-पोरगी दिसले की संध्याकाळपर्यंत गावी फोन जातो. अॅपवर ओळख करून कॅफेत भेटणारे दोन अनोळखी तरुण मुंबई-पुण्याच्या गोष्टीत शोभतात. इथल्या पोराला अनोळखी माणसासाठी ना जागा असते ना पैसे. दोस्त मात्र दिवसरात्र सोबत असतो.

त्यामुळं इथल्या गोष्टीतली खरी भीती ‘कुणी बघेल’ ही नसते, ‘हाच गेला तर’ ही असते. मनातलं बोललं आणि तो दचकून मागं सरकला, तर एक माणूस जात नाही फक्त. खोली जाते, नोट्स जातात, त्याच्या आईनं दोघांसाठी म्हणून पाठवलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जाते. मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा दोन महिन्यांवर आलेली असताना कोण हा धोका पत्करेल? ही घालमेल इतकी मोठी आहे की तिच्यावर अख्खी कथा उभी राहते. आणि आपले लेखक ती दोन ओळींत संपवून पाऊस पाडतात, लाईट घालवतात आणि दोघांना मिठीत आणतात.

वास्तविक छोट्या कथेला दोस्तीची फार मोठी सोय आहे. अनोळखी माणसांची ओळख करून देण्यातच निम्मी पानं खर्च होतात, दोस्तांची गोष्ट मधूनच सुरू करता येते. पण मग ती दोस्ती दिसली पाहिजे. डोळे आणि ओठ यांची वर्णनं नकोत मला. समजा येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा सण आहे. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात, दोस्ताला रानात जेवायला बोलावणं ही रीतच. एकजण दुसऱ्याला पहिल्यांदा आपल्या शेतात नेतो. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील. आई म्हणते, “लई लाजतंय रे तुझं दोस्त, वाढ त्याला अजून.” आणि हा त्याला न विचारताच आंबील वाढायचं टाळतो, कारण त्याला आंबट सोसत नाही हे याला ठाऊक आहे. एवढ्यानं वाचणाऱ्याला सगळं कळतं. ते त्या दोघांना कळायला आणखी चार पानं लागू द्या.

एका गोष्टीवर मात्र माझी सक्त हरकत आहे. झोपलेल्या दोस्ताला हात लावण्यापासून सुरू होणाऱ्या कथा मी तिथंच बंद करतो. ज्याच्या शेजारी निर्धास्त झोप लागते तो दोस्त. तो विश्वास मोडून सुरू झालेल्या गोष्टीला पुढं ‘तोही जागाच होता’ असं म्हणून प्रेमकथा करता येत नाही.

आणि शेवट! ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं असं प्रेम गुन्हा नाही म्हणून सांगितलं, तरी आपल्या कथा अजून मांडवातच संपतात. एकाच्या कपाळाला मुंडावळ्या, दुसरा पंगतीत वाढतोय. हे घडतं, मला माहीत आहे. सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत ‘रूम पार्टनर’ म्हणून खपतं, मग स्थळं यायला लागतात आणि घरमालक ‘फॅमिली आहे का’ विचारतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं अशा जोडप्यांना लग्नाचा हक्कही दिला नाही. पण त्या मांडवात जी नवरी बसलीय तिच्या वाट्याला कथेत एक वाक्यसुद्धा येत नाही, आणि तिचं आयुष्य मोडून आपण दोघांच्या विरहावर रडायचं, हे मला पटत नाही. शिवाय प्रणयकथा म्हणून वाचायला घेतली तर वाचकाला सुखाचा शेवट मिळायला हवा, तो त्या प्रकाराचा कणाच आहे.

लिहिणाऱ्यांनो, तिशी ओलांडलेल्या दोघांची गोष्ट लिहा. संभाजीनगरात गारखेड्याला किंवा सिडकोत खोली शोधणारे, एकाची बहीण सगळं ओळखून असलेली, दुसऱ्याचे वडील वर्षभर न बोललेले. दहा वर्षांची दोस्ती आहे, प्रेम आत्ताच कबूल केलंय आणि पहिलं भांडण गॅस कनेक्शन कुणाच्या नावावर घ्यायचं यावरून झालंय. कुणाकडं अशी कथा लिहून पडली असेल तर मेसेज करा. पूर्ण वाचेन आणि काय वाटलं ते सविस्तर कळवेन.